तोंड फिरवून बसा

“आवाज येतुया, पर पत्र्यावर खडे पडल्यावानी,” गोरोबांनी कानातलं मशीन काढून जास्मिनच्या टेबलावर ठेवलं. “दुरुस्तीला दिलतं. समदं पुसून कोरं करून पाठवलं त्यांनी.”

धाराशिवच्या त्या छोट्या दवाखान्यात कानाची मशीनं जुळवून द्यायचं काम जास्मिन एकटीच बघायची. ती म्हणाली, “नव्यानं जुळवून देते, बाबा. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“नवं नगं. नंदीश सायबांनी जुळवलं हुतं, त्येच घाला. आठ वर्सं झाली. आमची कारभारीन अयोध्या हितंच बसून बोलली हुती. तिच्या आवाजावर बसवलेलं हाय त्ये.”

“मग त्यांना का नाही आणलं सोबत?” जास्मिननं खाली मान घालून मशीन पुसत विचारलं.

कानात मशीन नव्हतं, तिचं तोंडही दिसलं नाही; गोरोबांना काही कळलं नाही. जास्मिननं मान वर करून तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळून चुकलं.

“संक्रांतीच्या आदल्या दिशी गेली,” गोरोबा म्हणाले. “माणूस गेलं त्ये गेलं. तिचा आवाज ज्यातनं यायचा ती वाट तरी ऱ्हाऊ द्या.”

जास्मिननं मशीन त्यांच्या कानात परत बसवलं, त्याला तार जोडली आणि लॅपटॉप पुढं ओढला. तिच्या आधी हे काम बघणारे नंदीश सर गावी निघून गेले होते. त्यांचा जुना कॉम्प्युटरही महिन्यापूर्वी बंद पडला होता. बंद पडायच्या आधी तिनं त्याची अख्खी डिस्क उतरवून घेतली होती. त्यातला प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर काही केल्या चालेना, तेव्हा तिनं तो जुना कॉम्प्युटरच्या कॉम्प्युटर नव्याच्या पोटात नेऊन बसवला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. पडद्यावर एक चौकट उघडली. चौकटीत निळं आभाळ उगवलं, खाली हिरवीगार टेकडी.

“ह्यो तर आमचा बेंबळीचा माळ, आखाडातला,” गोरोबा पुढं वाकले. त्यांच्या शेळ्या तिथंच चरायच्या. “एकात दुसरा कॉम्प्युटर व्हय?”

“व्हय, बाबा. आतल्याला पत्ताच नाही आपण कुणाच्या पोटात आहोत ते. त्याला वाटतं, अजून नंदीश सरांच्याच टेबलावर आहोत.”

“बरं हाय त्येचं,” गोरोबा म्हणाले.

जास्मिननं बटण दाबलं. ‘मशीन सापडत नाही.’ तार काढली, पुसली, पुन्हा लावली. ‘मशीन सापडत नाही.’ गोरोबांनी गुडघ्यावरचा पंचा मुठीत धरला. तेवढ्यात जास्मिननं कपाळाला हात लावला.

“तार बाहेरच्या कॉम्प्युटरनंच धरून ठेवली, बाबा. आतल्यापर्यंत पोचलीच नाही.”

“म्हंजी पाव्हणा सोप्यातच बसलाय की. न्या त्येला माजघरात, बसा म्हणा.”

ती हसली. तिनं बाहेरच्याकडून तार सोडवून आतल्याच्या हवाली केली. चौकटीतल्या जुन्या प्रोग्रॅमनं डोळे उघडले. नाव आलं, गाव आलं, आठ वर्षांपूर्वीच्या कानतपासणीची उतरती रेघ आली.

“हे बघा,” ती म्हणाली, “तेव्हापासून तुमचा कान बराच उतरलाय. हा आवाज आता तुम्हाला पुरायचा नाही. असं करू. बाजारहाटाला, रस्त्याला मी नवं जुळवून देते, ते एक नंबरला. दोन नंबरला जुनं ठेवते, आहे तसं. बटण दाबलं की बदलेल.”

“एकात दुसरं,” गोरोबांनी मान डोलावली.

जुनं उतरवून घेताना जास्मिनला खाली शेऱ्याचा रकाना दिसला. जुळवताना माणूस जे बोलेल ते लिहून ठेवायची नंदीश सरांची सवय. तिनं दोन ओळी मनात वाचल्या.

“बाबा, त्या दिवशी मावशी काय बोलल्या होत्या, आठवतंय?”

“कुठलं! माझी पाठ हुती तिच्याकडं. सायब म्हणले, नाव घिऊन हाक मारा. ती कशी मारंल नवऱ्याला नावानं हाक? मंग कायतरी बोलली. मशीन नीट लागंस्तवर तिचं बोलून झालतं. मला निस्तं समद्यांचं हसू ऐकू आलं. म्या लाजून खाली मान घातली. घरी इचारलं तर म्हणती कशी, ‘एकदा झालं. बाईमाणसानं किती डाव घ्यायचं नाव?’”

जास्मिननं त्या दोन ओळींवर पुन्हा नजर फिरवली. म्हणाली, “तोंड फिरवून बसा.”

“आता का म्हणून?”

“ओठ बघून ओळखता तुम्ही. खिडकीकडं बघा. आणि बटण दाबा. दोन नंबर.”

गोरोबा खुर्चीत वळले. कानाशी हात गेला. बारीक आवाजात मशीन दोनदा वाजलं. जास्मिननं घसा साफ केला. दुसऱ्या बाईचा उखाणा, दुसऱ्या बाईचा नवरा. तिनं ओढणी सावरली आणि चौकटीतलं हळूहळू वाचलं, एखादी बाई चारचौघांत संकोचत बोलते तसं:

“शेळ्यांमागं शेळ्या, माळावर चारा,
गोरोबारायांचं नाव घेते, आता तरी ‘ओ’ द्या जरा.”

पाठ हलली नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, विरून गेला. आवाज पुरला नाही, जास्मिनला वाटलं. पुन्हा मोठ्यानं वाचावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

तोच गोरोबांचा हात वर गेला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, नीट सरळ बसवली.

“ओ,” ते खिडकीकडं बघत म्हणाले.