एक टक्का

सून शेवटच्या खोक्यावर चिकटपट्टी ओढत होती. आत दोनशे चाळीस डब्या, प्रत्येकीत पन्नास ग्रॅम मलम. अकराला टेम्पो येणार होता. गेल्या दीड महिन्यापासून प्रसूतिगृहाच्या नवजात कक्षात तिचंच मलम वापरलं जात होतं. ही तिथली तिसरी खेप. त्याच टेम्पोत पातेली, वजनकाटा आणि बरण्याही चढणार होत्या, कारण उद्यापासून तिचं काम भाड्याच्या गाळ्यात सुरू व्हायचं होतं.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. शेजारी त्यांना पाठीमागे जंतूनाना म्हणत आणि ते त्या नावाला जागत. गाळ्याची किल्ली सुनेकडे राहणार होती. तिथवर त्यांचा हात पोहोचणार नव्हता.

मलमाचे घटक साधे होते : कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचं तेल, मधमाश्यांचं मेण. डबीवर ठळक अक्षरांत छापलेलं असे, ‘यात एकही रसायन नाही.’ पाणीसुद्धा रसायनच असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं. “बाबा, तुमच्याशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं,” असं म्हणून ती हसली होती. पण मुद्दा शब्दाचा नव्हता. पाणी आणि कोरफड असलेल्या मलमात परिरक्षक, म्हणजे जंतूंना रोखणारं द्रव्य घातलं नाही, तर ते मलम म्हणजे जंतूंसाठी वाढून ठेवलेलं ताट. पहिल्याच महिन्यात तीन डब्यांवर हिरवट बुरशी आली. सुनेने ओल्या चमच्याला दोष दिला. सासऱ्यांनी वाद घातला, वादात हरले आणि परिरक्षकाची लिटरभराची तपकिरी बाटली विकत आणली.

तेव्हापासून दर रविवारी, ती आंघोळीला गेली की ते गुलाबपाण्याच्या कॅनमध्ये त्या बाटलीतला दाटसर, रंगहीन द्रव मोजून ओतत. सहा लिटरला एकशे वीस मिलिलिटर. मलमात गुलाबपाणी निम्मं, म्हणजे तयार मलमात बरोबर एक टक्का. बाटली त्यांच्या कपाटात, जाडजूड संदर्भग्रंथांच्या मागे असे; संपली की नवी येई. पुढे डबी नासली नाही ती नाहीच. सून प्रत्येक खेपेतली एक डबी खिडकीत मांडून ठेवी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रांग दाखवी. “चौदा महिने झाले. काहीही न घालता!” सासरे तेव्हा वर्तमानपत्रात डोकं खुपसत. प्रयोगात लबाडी करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती.

समोरच्या खोक्यांची त्यांना चिंता नव्हती. त्यांतला एक टक्का त्यांनी स्वतः मोजला होता. चिंता होती ती गाळ्यात बनणाऱ्या पहिल्या खेपेची. नवजात कक्षात मुदतीआधी जन्मलेली बाळं होती. त्यांची कातडी इतकी पातळ, की खालच्या शिरा मोजून घ्याव्यात.

“जरा बस,” ते म्हणाले. “एक सांगायचंय.”

“बाबा, टेम्पो येईल हो आता.”

“ते गुलाबपाणी... त्यात मी दर रविवारी...”

“औषध घालता. ठाऊक आहे मला.” तिने कात्रीने पट्टी कापली आणि कड अंगठ्याने दाबून बसवली.

सासऱ्यांनी खुर्ची ओढून घेतली. मनावरचं ओझं असं अलगद उतरेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. “मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? या वयात तुमच्यावर चोरीचा आळ घेऊ? कपाट पुसताना बाटली सापडली. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. लोकांना छापून एक सांगायचं आणि आत दुसरंच घालायचं, हे नाही जमत मला बाबा. मग म्हटलं, तुमचंही मन राहू दे आणि माझं लेबलही खरं राहू दे. बाटली मोरीत ओतली, धुतली आणि ग्लिसरीन भरून ठेवलं. दिसायला अगदी तस्संच.”

“कधी?”

“झाले की दोन महिने.” ती आता हसत होती. “आणि एक तरी डबी नासली का? हरलात ना, जंतूनाना?”

सासऱ्यांनी खोक्याची पट्टी ओढून काढली, एक डबी उचलली आणि झाकण फिरवलं. मलम पांढरंशुभ्र होतं, मऊ, गुलाबाच्या वासाचं. एका ग्रॅममध्ये दहा लाख जंतू असले तरी डोळ्यांना काही दिसत नाही, हे त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नवख्याला शिकवलं होतं. इतक्या कमी प्रमाणात ग्लिसरीन जंतूंना मारत नाही. त्यांना ते पोसतं. आठ रविवार त्यांनी ते स्वतःच्या हाताने, मोजून, एकशे वीस मिलिलिटर ओतलं होतं.

“आधीच्या डब्या,” त्यांनी विचारलं, “कक्षात गेलेल्या. त्या अजून वापरात आहेत?”

“संपल्यासुद्धा!” तिचा चेहरा उजळला. “सकाळीच तिथल्या सिस्टरचा फोन होता. पाच-सहा बाळांच्या अंगावर लाल पुरळ उठलंय, म्हणून परवापासून दिवसातून दोनदाऐवजी चार वेळा लावताहेत.”