बाबांची दाढ

ड्रिल थांबलं. बाबांनी डोळे उघडले आणि तोंडातली नळी सांभाळत हातानेच खूण केली, ठीक आहे. लेकीच्या जिवात जीव आला.

कित्येक महिने तिने त्यांना आपल्या दवाखान्याची पायरी चढू दिली नव्हती. बाबांना दमा. कोरोनाची साथ सुरू झाली तशी ती वेगळी राहायला लागली, सामान त्यांच्या दाराशी ठेवून रस्त्यावरूनच हात हलवायची. ड्रिलचं पाणी पेशंटच्या थुंकीसकट उडतं आणि खोलीभर तरंगत राहतं, हे दातांच्या डॉक्टरला कोणी सांगावं लागत नाही. ओळखीचे डॉक्टर हसायचे, म्हणायचे, ही साप साप म्हणून भुई धोपटते. हसोत बापडे.

पण दाढ काही साथ संपायची वाट बघेना. ठणक्याने बाबांची झोप उडाली. "दातांच्या डॉक्टरचा बाप गाल धरून बसलाय," ते फोनवर म्हणाले, "दिव्याखाली अंधार तो हाच." स्वतःच हसले. तिला मात्र रडू फुटलं.

म्हणून आज दवाखाना फक्त त्यांच्यासाठी उघडला होता. काल तिने एकही पेशंट घेतला नव्हता. खुर्ची, दिवा, दाराची मूठ, सगळं स्वतः पुसलं होतं. खिडक्या सताड उघड्या. आत ती आणि मदतनीस मावशी, दोघी नखशिखान्त झाकलेल्या. बाबा आले आणि बावरले.

"तोंड तरी दाखव गं. आतमध्ये माझीच पोरगी आहे कशावरून?"

मास्क काढायचा नाही, हा नियम तिचाच. पण परकं होतं कोण तिथे? तिने मास्क खाली केला. बाबांनी तिचा गाल कुरवाळला. "वाळलीस," म्हणाले. मग दोघं अगदी जवळ बसून किती तरी वेळ बोलत राहिली. मावशींनीच शेवटी दाढेची आठवण करून दिली.

आता दाढ साफ झाली होती. वरून भरायचा लेप कालवायला मावशींनी काचेवर पावडर घेतली, बाटली उघडली, आणि ती हातमोज्यातून निसटून लवंगेचं तेल ट्रेभर सांडलं.

"अगं बाई! डोळ्यांत पाणी आलं माझ्या." मावशींनी तोंड फिरवलं. बाबांनीही नाक मुरडलं.

"मला नाही आला वास," ती जराशा तोऱ्यात म्हणाली. "मास्क असा घट्ट बसायला हवा, मावशी."

"अहो, माझाही तुमच्याच खोक्यातला आहे. तुमच्याइतकाच घट्ट."

तिचा हात थांबला. बाटली घेऊन ती खिडकीशी गेली, बाहेर तोंड करून मास्क उचलला आणि बाटली नाकाला लावली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. बाटलीत नळाचं पाणी असतं तरी फरक पडला नसता. आजवर ती दुसऱ्यांच्या तोंडांना भीत आली होती.

तिने मास्क दाबून बसवला आणि वळली. बाबा आ वासून निवांत पडले होते, लेकीची वाट बघत.

ती भिंतीला चिकटली. पुढे पाऊल टाकायची हिंमत होईना.

"बाबा," ती तिथूनच ओरडली, "तोंड मिटा!"