मार्गशीर्षातला नवरंग

करंजाच्या फांदीला कापडी पिशवी अडकवून विश्वंभरराव दोन पावलं मागे आले. पिशवीत लहानसा स्पीकर होता. खाली दगडाच्या मागे, हात पोचेल अशी, गावातल्या सखुबाईकडून मागून आणलेली पाण्याची बादली होती आणि शेजारी मूठभर खडे. सगळी मांडामांड मनासारखी झाली, तेव्हा ते बायकोला आणायला घरी वळले.

अनुसूयाबाई ओटीवर तयार बसल्या होत्या. अंगावर शाल, डोळ्यांना काळा चष्मा.

"काही दिसतं का गं आज?" विश्वंभररावांनी रोजच्यासारखं विचारलं.

"उजेड झालाय, एवढं कळतं," बाई रोजच्यासारखं म्हणाल्या. "चला, खंड्या काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

शाळेतली नोकरी सांभाळून बाईंनी गावाबाहेरच्या तळ्याचे आवाज वर्षानुवर्षं टिपले होते. पक्षी, बेडूक, रातकिडे, कुणालाही सोडलं नव्हतं. पहाटे उठून एकट्या जायच्या. विश्वंभररावांना कावळा-चिमणीपलीकडे तिसरा पक्षी ओळखता येत नसे आणि साखरझोप त्यांना सगळ्या पक्ष्यांहून प्यारी होती. मग बाईंची नजर गेली. मुंबईला लेकीकडे राहून ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दिसलं तर हळूहळू दिसेल, नाही तर नाही. पट्टी बांधलेल्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "न दिसू दे. तळं ऐकू आलं की मी जगेन."

आणि ती दोघं मुंबईत असतानाच तळं बुजलं. जागा खासगी होती, मालकानं विकून टाकली. हरिहरेश्वरला जाणाऱ्या पर्यटकांच्या बसगाड्या आता तिथं उभ्या राहत.

हे बायकोला सांगायची विश्वंभररावांची छाती झाली नाही. त्यांनी गावापुढे हात जोडले आणि गावानं तोंडाला कुलूप घातलं. सखुबाई तेवढी म्हणाली होती, "मी न्हाय बोलायची कुनाजवल. पन बाईंना कवातरी कलनारच ना?"

"कळेल तेव्हा कळेल," असं म्हणून त्यांनी तिची बादली उचलली होती.

वाटेवर धुकं होतं. सुपारीच्या वाड्या मागे पडल्या, पायांखाली मुरूम वाजू लागला. तळ्याच्या पाळीवर मुरूम टाकलाय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. बाईंच्या पायांना वाट पाठ होती. मध्येच त्यांनीच नवऱ्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"शेण आहे," त्या म्हणाल्या. "वास आला."

जुन्या पाळीच्या दगडावर दोघं टेकली. समोरच्या मैदानावर धुकं पसरलं होतं. अशा वेळी क्षणभर विश्वंभररावांनाही वाटे, त्या पांढऱ्याखाली अजून पाणी आहे. त्यांनी खिशातल्या मोबाइलवरून स्पीकर सुरू केला. ध्वनिमुद्रणं बाईंचीच होती, जुनी. प्रत्येकाच्या सुरुवातीला त्या तारीख, वार आणि जागा सांगत. तेवढं पुढं सरकवायला ते शिकले होते. रोज तेच तेच नको, म्हणून आज त्यांनी नवं काढलं होतं.

तळं जागं झालं. रातकिड्यांची किरकिर विरत गेली, पाणकोंबडी बोलली, कुठूनसा खंड्या खिदळत गेला. बाई हातातलं आवाज टिपायचं यंत्र तोंडाशी धरून हलक्या आवाजात एकेकाचं नाव सांगत होत्या. विश्वंभररावांनी हात मागे नेऊन बादलीत खडा सोडला. डुबुक.

"मासा," बाई म्हणाल्या. "आज मोठा होता."

निघताना बादली पायानं करवंदीच्या जाळीत सारायची, की झालं. या चोरटेपणाची त्यांना लाज वाटे. पण त्याहून जास्त हळहळ वाटे ती वेगळीच. खरं तळं होतं तेव्हा आपण एकदाही इथं येऊन बसलो नाही. आता नसलेल्या तळ्याकाठी त्यांना टिटवी ओळखू येऊ लागली होती.

इतक्यात फांदीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली.

बाईंच्या हातातलं यंत्र खाली आलं.

"नवरंग," त्या म्हणाल्या. "मार्गशीर्षात?"

विश्वंभररावांनी खिशातला मोबाइल चाचपला. "का? मार्गशीर्षात काय झालं?"

"पावसाच्या तोंडावर येतो तो. थंडीत इकडं नसतोच."

पाखराच्या आवाजालाही महिना असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सगळं उघडं पडलं होतं. निदान आता तरी आपल्या तोंडानं सांगावं, असं वाटून ते म्हणाले, "अनू, तुला एक सांगायचं होतं."

"श्श. यंत्रात येईल." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हल्ली ऋतूंचंच काही खरं राहिलं नाही, पाखरानं तरी काय करावं? आलाय बिचारा, तर ऐकू या."

शीळ पुन्हा आली. धुकं जरा हललं, पुन्हा बसलं. दोघं ऐकत राहिली.

"आयुष्यभर एकटी येत होते मी इथं," बाई म्हणाल्या. "शेजारी कुणी असावं, असं फार वाटायचं."

विश्वंभररावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. कुणाला दिसणार होते?

वळणावर पर्यटकांच्या पहिल्या बसचा हॉर्न वाजला.

"बोर्लीची एसटी," ते घाईघाईनं म्हणाले आणि स्पीकर बंद करून उठले. आजचा दिवस निभावला होता. बाईंचं तळं अजून शाबूत होतं. त्या आनंदात त्यांनी बायकोचा हात कोपरात अडकवला आणि झपझप निघाले. बाई चार पावलं आल्या आणि थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती निळी बादली उघड्यावरच राहिली. जाळीत सारून या, उद्या लागेल."