दाढीमागचा माणूस

"देवाचं पुस्तक बेस होतं, शिकारीचं त्याहून बेस. पण हे खुनाचं पुस्तक फसवं आहे," पवनीच्या वाचनालयात केवळराम ग्रंथपालाला म्हणाला. "साधूची खोटी दाढी उपटली, आन् आत कोण निघाला ते पुस्तकात नाहीच. पान कोणी फाडलं?"

ग्रंथपालाने त्याच्याकडेच संशयाने पाहत पुस्तक चाळलं. पानं शाबूत होती.

"तुम्ही स्वतः वाचलं?"

"मले कुठं वाचता येते? बायको वाचून दाखवते. दाढी उपटली तिथं तिनं पदर तोंडाले लावला, म्हणे पुढं काही नाही. कोणाले वाचवून राहिली, काय मालूम."

ग्रंथपालाने शेवटच्या पानावर बोट ठेवून वाचलं, "दाढी हातात आली आणि सगळे एकदम म्हणाले, अरे, हा तर केवळराम."