कुंपणावरची चादर

चादर आधी ओर्फेलीनाकाकूंना दिसली. लाँचच्या काचेवरची वाफ त्यांनी बाहीने पुसली, डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "निबाल्दो, तुझ्या राणीसरकारांनी पुन्हा धुणं काढलंय बघ."

केबिनमध्ये हशा झाला. पिठाच्या पोत्यावर बसलेला निबाल्दो उठून दारात आला. पावसात केतुई बेटाचं टोक धूसर दिसत होतं. टोकावर एकच घर, त्याचंच. घरापुढच्या कुंपणावर, समुद्राच्या अंगाला, पांढरी चादर पडलेली होती.

त्या बेटांवर तेव्हा फोन नव्हता, वीज नव्हती. घरात कुणाच्या जिवावर बेतलं की समुद्राकडच्या कुंपणावर पांढरी चादर टाकायची. जाणारी लाँच थांबायची आणि माणसाला अचाओ बंदरातल्या दवाखान्यात पोचवायची. म्हणून बेटावरच्या बायका त्या बाजूला साधा पांढरा रुमालही वाळत घालत नसत. निबाल्दोची बायको मिर्ता मात्र शहरातून लग्न होऊन आलेली. गेल्या महिन्यात तिनं चादरी धुतल्या आणि नेमक्या तिथंच टाकल्या. लाँच चालवणाऱ्या तांडेल बेलार्मिनोनं मागचं होडकं सोडलं, लाटेनं ते खडकावर आपटलं, दोन फळ्या फुटल्या. भिजून चिंब होऊन तो वर पोचला, तर मिर्ता दारात उभी राहून विचारत होती, "चहा घेणार का, काका?"

ही गोष्ट आता सगळ्या बेटांना पाठ होती.

निबाल्दो सुकाणूपाशी बेलार्मिनोकडे गेला. "काका, थांबवा."

"कशाला?"

"चादर आहे."

"चादर मागच्या वेळीही होती."

"तिनं शपथ घेतलीय. त्या दिवशी मी तिला इतकं बोललो की रात्री जेवली नाही ती. पुन्हा नाही टाकायची तिथं."

"शहरातली पोर. विसरली असेल."

"सातवा महिना चालू आहे, काका."

बेलार्मिनोनं वळून त्याच्याकडे पाहिलं, मग किनाऱ्याकडे. ओहोटीनं खडक उघडे पडत चालले होते. त्यांच्यावर पांढरं पाणी फुटत होतं.

"उतरवू कशातून तुला? होडकं सुताराकडे पडलंय, तुला ठाऊक आहे. लाँच आत घातली तर खडकावर बसेल. मग ही एवढी माणसं घेऊन करू काय?"

"धक्क्याकडे वळवा."

"धक्क्याला या वेळी पाणी कुठून आणू? पुढची बेटं, आपियाओ, चाउलिनेक करू, भरती आली की येऊच आपण. रोजच्यासारखं. संध्याकाळी घरी असशील."

"मी पोहत जातो."

"जा की. तुझं प्रेत लागेल किनाऱ्याला. मग घालू दे तिला खरंच चादर."

यावर कुणी हसलं नाही. बेलार्मिनोलाही स्वतःचं बोलणं आवडलं नसावं. त्यानं इंजिन मंद केलं आणि भोंग्याची दोरी खेचली. एकदा, दोनदा, मग बराच वेळ धरून ठेवली.

घराचं दार बंदच राहिलं.

"इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

निबाल्दो कठड्याला धरून उभा होता. चादर हलत नव्हती. भिजून जड झाली होती, कुंपणाच्या खुंटांना चिकटली होती. तो पाहत राहिला आणि मग एकदम आत वळला.

"पावसात कोण धुणं वाळत घालतं?"

बेलार्मिनोचा हात भोंग्याच्या दोरीवरच राहिला. मग ओर्फेलीनाकाकूंनीच घसा खाकरला.

"अरे बाबा, आपल्याकडे पाऊस थांबायची वाट बघत बसलं तर जन्मभर मळकट फिरावं लागेल. टाकायचं नि वाऱ्यावर सोडून द्यायचं. मीसुद्धा तेच करते."

"आम्हीपण," दुसरी एक म्हणाली. पुन्हा थोडं हसू झालं. मघासारखं नाही.

ओहोटीच्या ओढीनं लाँच हळूहळू टोकापुढे सरकत होती. बेलार्मिनोनं इंजिन वाढवलं. "निबाल्दो, इथं रेंगाळलो तर पुढे खाडीच्या तोंडाशी अडकू. समजून घे." तो हे निबाल्दोला सांगत होता, पण बघत होता समोर.

घर मागे पडू लागलं तेव्हा दार उघडलं.

एक बाई बाहेर आली. डोक्यावरून शाल घेतलेली. चेहरा दिसेना, पोट दिसेना, उंचीही धड कळेना. ती मिर्ता असेल किंवा टेकडीमागची सुईण असेल. निबाल्दोनं दोन्ही हात वर करून हाक मारली. बाईनं मान वर केली नाही. ती सावकाश कुंपणापाशी गेली, चादर काढली, पिळली नाही की झटकली नाही, तशीच हातावर घेऊन आत गेली. दार लागलं.

"बघ!" बेलार्मिनोनं मोठा श्वास सोडला. "पाऊस आला म्हणून काढून घेतली. उगाच आमचा जीव टांगणीला लावलास."

"मी म्हटलंच होतं," ओर्फेलीनाकाकू म्हणाल्या. केबिनमध्ये पुन्हा बोलणी सुरू झाली. कुणीतरी बटाट्याची पोळी मोडून वाटली. काकूंनी एक तुकडा निबाल्दोच्या हातात ठेवला, त्याची बोटं स्वतःच्या हातांनी त्यावर मिटवली आणि म्हणाल्या, "खा."

तो तुकडा तसाच धरून निबाल्दो दारात उभा राहिला. टोक वळणामागे गेलं होतं.

पाऊस तर अचाओहून निघाल्यापासूनच पडत होता.