प्रदोषाची सवलत

आजारी लेकासाठी, निनादसाठी, प्रदोष धरलेल्या वासंतीला कायद्यानं कचेरीत तासभर पूजेची सवलत होती. तेवढा वेळ तिच्या मनाची नक्कल करून घडवलेली यंत्र-वासंती तिचं काम करी.

आज तिनं पूजाघराचं दार लोटलं, तर आत तीच यंत्र-वासंती डोळे मिटून बसलेली.

"इथं काय करतेस गं?"

"माझाही उपास आहे, ताई."

मागून देऊळकरसाहेब म्हणाले, "तिनंही अर्ज केलाय, बाई. कायदा दोघींना सारखाच, पण टेबलाशी कुणीतरी एक हवीच. तुमच्या तापात तुमचा एक प्रदोष चुकला होता. तिचा एकही नाही, म्हणून आजची सवलत तिला."

वासंती टेबलाशी जाऊन बसली. भिंतीपलीकडून तिच्याच आवाजात कुणी विनवत होतं, "देवा, माझ्या निनादला बरं कर. त्याला माझ्याजवळ पाठव."