तुळसाचा रंग

"मॅडम, हे क्रीम तुम्ही स्वतः लावता का?"

विचारलं एकदाचं! मी हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. व्हिडिओ कॉलवर क्रीमच्या कंपनीच्या मॅडम होत्या. एका बाजूला बाबा पेन उघडून बसलेले, दुसऱ्या बाजूला आई. मी अजून नववीत, म्हणून करारावर सही बाबांची.

करार माझ्या गेमचा, मीच बनवलाय तो. त्यातली सावळी तुळसा म्हशींवरून उड्या मारत सुसाट पळते आणि हजारो मुलं तो ऑनलाइन खेळतात. कंपनीला त्यात आपल्या गोरेपणाच्या क्रीमची कमान हवी होती. खालून गेलं की तुळसा गोरी होणार, दुप्पट वेगाने पळणार. बदल्यात मला नवा लॅपटॉप!

"अगं, मला कशाला लागतंय? मी मुळातच गोरी," मॅडम हसल्या.

बाबाही हसले. आईने मात्र हळूच खुर्ची मागे घेतली, कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसेनासा होईपर्यंत. तुळसाचं नाक, वेणी, रंग, सगळं मी आईवरूनच काढलंय.

अशी संधी परत कोण देणार? तरी बोलले.

"बाबा, सही करू नका. आई, माझी तुळसा याच रंगात पळणार. आणि वेग मी वाढवते तिचा!"